ॲरिस्टार्कसचा कोन आणि मुंबईचा चंद्रोदय

आम्ही जपानला फिरायला गेलो होतो असं मी सोसायटीत सगळ्यांना सांगतो, आणि ते निम्मं खरं आहे. निम्मं म्हणजे माझ्यापुरतं. माझी बायको सुलभा फिरायला गेलीच नव्हती. ती मुलीला, जावयाला आणि नातीला परत आणायला गेली होती. जावई निखिल, त्याची टोकियोतल्या बँकेतली नेमणूक मार्चमध्ये संपत होती. डोंबिवलीला आमच्या समोरच्या फ्लॅटची किल्ली आमच्याच घरात खुंटीला लटकत होती, आणि पडदे कुठल्या रंगाचे लावायचे इथवर सुलभाचं ठरलं होतं. फक्त केतकीला, म्हणजे आमच्या मुलीला, तोंडावर विचारायचं राहिलं होतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण जपानचं वर्णन म्हटलं की लोकांना चेरीची फुलं आणि फुजी पर्वत हवा असतो. आम्ही गेलो शरद ऋतूत, तेव्हा चेरीची झाडं पानं गाळत होती. फुजी मला एकदाच दिसला, तोही आगगाडीतून, विजेच्या तारांच्या मधून, आणि मी सुलभाला दाखवेपर्यंत एक गोदाम आडवं आलं.

हिगाशी-कसाई

केतकी राहते तो भाग टोकियोच्या पूर्व टोकाला. उंच इमारती, त्यांत आयटीतली आपली मंडळी इतकी, की लिफ्टमध्ये ‘नमस्ते’ म्हणावं की ‘कोन्निचिवा’ हे समोरच्याचे डोळे बघून ठरवायचं. कोपऱ्यावरच्या दुकानात हिंग, साबुदाणा, गोठवलेलं ओलं खोबरं, सगळं मिळतं. सुलभाने पहिल्याच दिवशी पिशवी भरून आणली आणि मग जाहीर केलं की इथे काही मिळत नाही.

कचऱ्याचं प्रकरण मात्र मला मनापासून आवडलं. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, पुठ्ठा वेगळा, प्रत्येकाचा वार ठरलेला. मी एकदा दुधाचं खोकं न धुता, न कापता तसंच टाकलं. नात रेवा आठ वर्षांची, तिने ते बाहेर काढलं, धुतलं, कापून सपाट केलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जन्मभर पोरांना फिजिक्स शिकवलं ते कशाच्या जोरावर, असा मलाच प्रश्न पडला. तिला मराठी सगळं समजतं. उत्तर मात्र जपानीत देते. काहीही विचारा, ‘दाईजोबू’. ठीक आहे, चालेल, नको, लागलं नाही, या सगळ्याला तेवढा एक शब्द पुरतो.

केतकी भूमापनाचं संशोधन करते. जमीन कुठे किती सरकली ते उपग्रहावरून मोजायचं. दोन हजार अकराच्या भूकंपाला आणि त्सुनामीला वर्ष झालं असेल-नसेल, तेव्हा ती इथे आली. सगळं जग जपान सोडून जात असताना आमची मुलगी तिकडे निघाली म्हणून सुलभा महिनाभर तिच्याशी धड बोलली नव्हती. त्या भूकंपात उत्तरेकडचा किनारा काही मीटर पूर्वेला सरकला. एवढंच नाही, जपानची सगळी मोजणी टोकियोतल्या ज्या एका खुणेपासून सुरू होते ती खूणसुद्धा हलली आणि तिचे आकडे नव्याने लिहावे लागले. एका रविवारी केतकीने आम्हाला ती दाखवायला नेलं. अझाबुदाईतल्या एका शांत गल्लीच्या शेवटी, दगडात बसवलेली धातूची लहानशी खूण. पूर्वी तिथे वेधशाळा होती. मी भारावून उभा राहिलो. सुलभा म्हणाली, एवढ्यासाठी दोन गाड्या बदलून आलो का.

स्वयंपाकघरात मराठी कॅलेंडर होतं. दरवर्षी सुलभा कुणाच्या ना कुणाच्या बॅगेतून ते पाठवते. आम्ही पोचल्यावर चारच दिवसांत संकष्टी आली, आणि या गोष्टीतली खरी अडचण तिथे सुरू झाली.

सुलभा आणि तिची धाकटी बहीण मंदा या दोघी लग्नाआधीपासून संकष्टी करतात. चंद्रोदय झाला की एकमेकींना फोन करायचा, मग पानावर बसायचं, असा त्यांचा नेम. कॅलेंडरात चंद्रोदय छापलेला असतो तो मुंबईचा. मुंबईत चंद्र उगवतो तेव्हा टोकियोत मध्यरात्र झालेली असते. इथे मात्र दिवेलागण झाल्यावर थोड्याच वेळात समोरच्या इमारतीच्या टाकीमागून भलामोठा तांबूस चंद्र वर आला. रेवा गॅलरीतून ओरडली, ‘आजी, त्सुकि!’ त्सुकि म्हणजे चंद्र. सुलभा शाल पांघरून खुर्चीत बसली होती. तिने चंद्राकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “तो अजून उगवला नाहीये.”

मी हसलो. मग माझ्या लक्षात आलं की ती गंमत करत नव्हती. केतकीने एकदा समजावून पाहिलं, निखिलने पाहिलं, आणि शेवटी मंदाचा फोन येईपर्यंत ती तशीच उपाशी बसली. मोदक गार झाले होते.

चोशीला जाण्याआधी

मी कॉलेजात शिकवत होतो तेव्हा दरवर्षी एक तास अभ्यासक्रमाबाहेरचा घेत असे, ॲरिस्टार्कसचा. सामोस बेटावरचा हा ग्रीक माणूस इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. सूर्य मध्ये आहे आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरते असं त्याने तेव्हाच म्हटलं. त्याचं ते लिखाण आज उरलेलं नाही, इतरांनी नोंद केली म्हणून आपल्याला माहीत. उरलंय ते दुसरंच पुस्तक, सूर्य आणि चंद्र किती लांब आणि किती मोठे याचं. त्यातली युक्ती मला कायम वेड लावते. चंद्र बरोबर अर्धा दिसतो त्या क्षणी पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांचा त्रिकोण चंद्रापाशी काटकोनात असतो. मग आपल्याकडचा कोन, म्हणजे आकाशात चंद्र आणि सूर्य यांच्यामधला कोन, कळला की झालं. त्याने तो सत्त्याऐंशी अंश धरला. खरा कोन नव्वदला अगदी चिकटून आहे. त्यामुळे सूर्य चंद्राच्या अठरा ते वीस पट लांब आहे असं त्याचं उत्तर आलं, आणि प्रत्यक्षात तो चारशे पट लांब आहे. गणित असं साफ चुकलं. पण सूर्य पृथ्वीपेक्षा खूप मोठा आहे एवढं त्यातूनही दिसत होतं, आणि मग मोठ्याने लहानाभोवती का फिरावं, असं त्याला वाटलं असेल.

हे मी जेवताना सुलभाला सांगितलं. एका तत्त्वज्ञाने त्याच्यावर खटला भरा म्हणून सांगितलं होतं, कारण काय, तर या माणसाने विश्वाची चूल जागची हलवली.

“बरोबरच होतं त्यांचं,” सुलभा म्हणाली. “चूल अशी हलवतात का?”

केतकी उठली. तिने ताटं उचलली.

मला तो कोन एकदा स्वतः मोजायचा होता. डोंबिवलीत क्षितिज म्हणून काही उरलेलं नाही. केतकी म्हणाली, चोशीला जाऊ. टोकियोच्या पूर्वेला, जिथे जमीन समुद्रात घुसते ते टोक. तिथल्या एका टेकडीचं नावच ‘पृथ्वी गोल दिसते ती टेकडी’ असं आहे. दिवस मी काढला, कॅलेंडरावरून. आपली तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. सात तिथ्या झाल्या की चौऱ्याऐंशी अंश, आठ झाल्या की शहाण्णव. म्हणजे शुद्ध अष्टमीच्या बरोबर मध्यावर नव्वद, अर्धा चंद्र. सुलभाच्या कॅलेंडरात ग्रीकांचा कोन महिन्याच्या महिन्याला फुकट छापून येत होता आणि मला इतक्या वर्षांत ते सुचलं नव्हतं. वेळही छान निघाली, दुपार कलतानाची, सूर्य आणि चंद्र दोन्ही वर असतील अशी. पुठ्ठ्याच्या वारी बाहेर जाणार होतं त्यातलं एक खोकं मी वाचवलं आणि मोठा कोनमापक कापला.

चोशी

चोशीपर्यंत मोठी गाडी, तिथून पुढे समुद्राकडे जाणारी दोन डब्यांची जुनी गाडी. ती कोबीच्या शेतांतून इतकी रमतगमत जाते की गड्डा हात घालून उपटावा. स्टेशनवर तिथली प्रसिद्ध भिजवलेली सेनबेई विकत होते. सेनबेई म्हणजे तांदळाची भाजलेली कुरकुरीत पापडी. ही मात्र मुद्दाम सोयाच्या रसात बुडवून मऊ केलेली. सुलभाने एक घास घेतला आणि म्हणाली, “सादळलीय.” आपल्याकडे पापड सादळला की घरच्या बाईची मान खाली जाते, इथे तो सुबक पाकिटात घालून विकतात. रेवाने तीन खाल्ल्या. जेवणाचं म्हणाल तर नूडल्सच्या पाण्यातही माशाचा अर्क असतो, तेव्हा आम्ही घरून आणलेले ठेपले टेकडीच्या पायथ्याशी बसून खाल्ले.

टेकडीवरच्या इमारतीच्या गच्चीवरून समुद्र आपल्याभोवती वळलेला दिसतो. एका बाजूला तुटलेले कडे, मध्ये हिरवी शेतं, आणि क्षितिजाची रेघ दोन्ही टोकांना किंचित खाली वाकल्यासारखी. खरंच वाकलेली दिसते की टेकडीचं नाव ऐकलं म्हणून तसं वाटतं, यावर मी आणि केतकी वाद घालत होतो, तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी पुठ्ठ्याचं काय आहे म्हणून विचारलं. त्यांचं नाव हायाशी-सान, ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’. जवळच्याच किनाऱ्यावरच्या गावात नगरपालिकेत नोकरी करून निवृत्त झालेले. केतकी मध्ये बसून त्यांचं आम्हाला मराठीत आणि आमचं त्यांना जपानीत सांगत होती. ती जमिनीचं मोजमाप करते हे कळल्यावर ते खुलले. त्सुनामी त्यांच्या गावातही आली होती. घर गेलं, मागे हद्दीचा दगड तेवढा राहिला. आणि केतकीसारख्या लोकांनी सांगितलं की तो दगडही थोडा सरकलाय.

सुलभाने लगेच विचारलं, मग शेजाऱ्याशी भांडण नाही झालं?

हायाशी-सान म्हणाले, शेजारीही तेवढाच सरकला होता. सगळेच एकदम सरकले, म्हणून कुणाला कळलं नाही.

सुलभा मोकळेपणी हसली. जपानला आल्यापासून पहिल्यांदाच. माझ्या डोक्यात मात्र घंटा वाजली, कारण पृथ्वी फिरते तर आपल्याला कळत कसं नाही, याचं उत्तर देताना मी वर्गात फळा भरून टाकत असे. सुलभाने पुढे विचारलं की आता घर कुठे. वर, टेकडीच्या अंगाला, ते म्हणाले. तिथे आधी देव्हारा नेला. वाडवडिलांना तिथे बसवलं, त्यांच्यापुढे भात ठेवला, आणि मग आम्ही राहायला गेलो. केतकीने हे मराठीत सांगितलं तेव्हा सुलभा हसली नाही. तिने नुसती मान हलवली.

मग माझी वेळ झाली. चंद्र आग्नेयेला पांढुरका दिसत होता, सूर्य नैर्ऋत्येकडे कललेला. सूर्याकडे बघायचं नाही, म्हणून केतकीने पुठ्ठ्याची एक कड त्यात टोचलेल्या टाचणीच्या सावलीवर धरली आणि मी त्यावरच्या फिरत्या पट्टीवरून चंद्र नेमात आणला. हायाशी-सान वारा अडवून उभे राहिले. चंद्र मला तरी बरोबर अर्धा दिसत होता. पट्टीखालचा आकडा रेवाने वाचला. सत्त्याऐंशी.

दोन हजारांहून जास्त वर्षांनी, जपानच्या टोकावर, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तोच आकडा. मी हायाशी-सानांशी हात मिळवला, ते वाकले, मीही वाकलो.

“बाबा,” केतकी म्हणाली, “नव्वद यायला हवे होते ना? तुम्ही टाइम कुठून काढलात?”

“कॅलेंडरावरून. अष्टमीचा मध्य.”

“कॅलेंडर मुंबईचं आहे. डोंबिवलीत आत्ता कुकर लागला असेल.”

साडेतीन तास. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास, हे मला पासपोर्टवर शिक्का पडल्यापासून ठाऊक होतं आणि मंदाशी रोज बोलताना मी तोंडी हिशोब करत होतो. पण कॅलेंडर भिंतीवर होतं, मराठीत होतं, म्हणून त्यातली वेळही घरातलीच वाटली. चंद्र खरा अर्धा होणार होता तो सूर्य बुडाल्यानंतर. तासाला अर्धा अंश धरला तर पावणेदोन अंश माझ्या गाढवपणाचे आणि उरलेला पुठ्ठ्याचा. हायाशी-सानांना केतकीने सांगितलं तेव्हा ते तोंडावर हात धरून हसले, पुन्हा वाकले, आणि सेनबेईचं एक पाकीट रेवाच्या हातात ठेवून गेले.

सुलभाला तर हसू आवरेना. जन्मभर पोरांना शिकवलंत, ती म्हणाली, आणि इथे उभं राहून मुंबईचा चंद्र मोजलात.

केतकी हसत नव्हती. ती आईच्या शेजारी बाकावर बसली.

“आई, तूही तेच करतेस. त्या दिवशी चंद्र समोर होता आणि तू उपाशी बसलीस. मला बघवत नव्हतं.”

सुलभाचं हसू थांबलं.

“आम्ही मार्चमध्ये येत नाही,” केतकी म्हणाली. “निखिलने इथेच दुसरी नोकरी धरलीय. आत्ताच्या घराजवळच, ग्योतोकुला, घर बघितलंय. तुम्ही आल्यापासून सांगायचं होतं, धीर झाला नाही.”

“म्हणजे कायमचं?”

“कायमचं ते मला नाही सांगता येत. पण माझं काम इथे आहे, रेवा इथली आहे. आमचं घर आता इथे आहे, आई.”

रेवा पाकीट फोडत होती. तिने एकदा आईकडे, एकदा आजीकडे पाहिलं आणि एक पापडी आजीपुढे धरली. सुलभाने ती घेतली, खाल्ली नाही, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. बाहेर अंधार पडला होता आणि कोबीच्या शेतांवर चंद्र होता, आता बरोबर अर्धा. मी तो तिला दाखवला नाही.

पुन्हा हिगाशी-कसाई

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आम्ही देवळं पाहिली, बागेत पिवळीधमक झालेली गिंकोची झाडं पाहिली, फोटो काढले. फोटोत सुलभा सगळीकडे सारखीच उभी आहे. ग्योतोकुचं घर बघायला चल म्हणून निखिलने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिचे पाय दुखत होते.

एकदा माझ्याकडे मोकळी झाली. तुम्हाला माहीत होतं का, विचारलं. नव्हतं. मग म्हणाली, समोरच्या फ्लॅटची किल्ली मी रोज पुसते, तुम्हाला ठाऊक आहे? मला ठाऊक नव्हतं. मंदा विचारेल कधी येतायत, तिला काय सांगू? मलाही आजवर तिच्यासारखंच वाटत आलं होतं. पोरं लांब गेली तरी फेरी मारून इकडेच येणार, कारण मध्ये आपण आहोत. याला कुणी पुरावा मागितला नव्हता, म्हणून मी कधी दिलाही नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि ते तिच्यासाठी की माझ्यासाठी हे नीट कळेना.

आणि पुन्हा संकष्टी आली.

सकाळी रेवाने सांगितलं की आज तीही उपास करणार. आजीबरोबर. शाळेत डब्याच्या वेळी तिने दूध आणि केळं तेवढंच घेतलं असं बाईंनी केतकीला कळवलं, काळजी वाटली म्हणून. शाळेतून आली ती दप्तर टाकून आजीशेजारी मोदकाच्या पाऱ्या करायला बसली. तिच्या पाऱ्या फाटत होत्या. सुलभा त्या बोटाने बुजवत होती आणि सारण चाटू देत नव्हती.

दिवे लागले. थोड्या वेळाने टाकीमागचं आकाश उजळलं आणि चंद्र वर आला. या वेळी रेवा ‘त्सुकि’ म्हणून ओरडली नाही. तिने चंद्राकडे पाहिलं, मग कॅलेंडराकडे, आणि गॅलरीच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसली.

केतकी म्हणाली, रेवा, तू जेवून घे.

“दाईजोबू,” रेवा म्हणाली. आणि मग मराठीत, एकेक शब्द जोडत, “आजीचा चंद्र येऊ दे.”

तिचं तोंड सुकलं होतं. निखिल पुढे झाला, मी त्याला हाताने थांबवलं. सुलभा खुर्चीतून नातीकडे बघत होती. मग ती उठली, शाल खुर्चीवर टाकली आणि आत जाऊन ताम्हन, पळी, फुलं, मोदकांचं ताट घेऊन आली.

“ऊठ गं,” ती रेवाला म्हणाली. “हात धू.”

दोघींनी गॅलरीत उभं राहून चंद्राला अर्घ्य दिलं. पळीतलं पाणी ताम्हनात पडलं आणि चंद्र त्यात हलला. रेवाने पहिला मोदक उभ्या उभ्याच संपवला. मग सुलभाने स्वतः मंदाला फोन लावला. तिकडे अजून दुपारच होती, मंदा झोपेतून उठली असावी, काय झालं म्हणून घाबरून विचारत होती. “काही झालं नाही,” सुलभा म्हणाली. “तू थांब तुझ्या चंद्राला. आमच्याकडचा कधीच वर आलाय.”

फोन ठेवून ती पानावर बसली. केतकी वाढत होती. सुलभाने मोदक फोडला, तूप ओतून घेतलं आणि वर न बघता विचारलं,

“ग्योतोकुच्या घराला पूर्वेकडे गॅलरी आहे का गं?”